टेबलावर आपण

(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. शिव्या तेवढ्या गाळल्यात.)



आपल्या माणसांनी मेडिकल कॉलेजात पहिलं पाऊल टाकलं ते पायानं नाही. त्यांना आडवं करून उचलून नेलं. आपल्याकडं १९४९ सालचा एक कायदा आहे, अ‍ॅनाटॉमीचा. सरकारी हॉस्पिटलात माणूस मेला आणि त्याच्या मढ्यावर हक्क सांगायला कुणी नातेवाईक आला नाही, तर ते मढं मेडिकल कॉलेजला शिकायला द्यायचं. आता मला सांगा, मुंबईत बेवारस कोण मरतो? मलबार हिलचा शेटजी मरतो बेवारस? फूटपाथवरचा मरतो, नाक्यावरचा मरतो, धक्क्यावर बोचकं उशाला घेऊन झोपणारा मरतो. त्याच्या नसा मोजून, त्याचं काळीज हातात धरून पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर तयार झाले. याला मी वाईट म्हणत नाही. शरीर उघडून बघितल्याशिवाय डॉक्टर होता येत नाही. माझं म्हणणं एवढंच की आपण पुस्तक झालो आणि वाचणारे कायम दुसरे राहिले.

आज मला विषय दिलाय आरोग्य आणि वैद्यकीय कायद्याचं पदव्युत्तर शिक्षण. पदव्युत्तर! हा शब्द पहिल्यांदा उच्चारला तेव्हा जीभ अडखळली. मी मॅट्रिक. गोदीत पाळीवर जाणारा माणूस. रात्री चार ओळी खरडतो म्हणून तुम्ही मला कवी म्हणता. मग एलएलएमवर बोलायला मला का उभं केलं? वकील मिळाला नाही म्हणून नव्हे. मीच मागून घेतलं. कारण आपल्या वस्तीतली एक पोरगी वकिलीची परीक्षा पास झालीय, तिला पुढं हाच विषय शिकायचाय, आणि तिच्या घरात गेले दोन महिने भांडण पेटलंय. बाप म्हणतो, बास झालं, नोकरी धर. आपल्यातलेच काही शूर कार्यकर्ते म्हणतात, ही कोर्टाची लफडी पांढरपेशांची, आपण रस्त्यावरची माणसं. त्या दोघांनाही मला उत्तर द्यायचंय. आणि माझ्या स्वतःच्या अंगावरचं एक ओझं आहे, ते आधी उतरवतो.

चार वर्षं झाली. आमच्या टोळीतला माझा जोडीदार, वयानं मोठा, मी त्याला दादा म्हणायचो. लोखंडी पत्र्याचं कॉइल उतरवताना स्लिंग सरकली आणि कॉइल त्याच्या पायावर आलं. मांडीपासून खाली लगदा. आम्ही चौघांनी त्याला टेम्पोत घातला. पहिलं हॉस्पिटल मोठं, काचेचं, बाहेर कुणा शेटाच्या नावाचा धर्मादाय ट्रस्ट. तिथं काऊंटरवरच्या बाईनं आधी डिपॉझिट विचारलं. आमच्या चौघांच्या खिशात मिळून साडेनऊशे रुपये. टेम्पो वळवला. दुसरं हॉस्पिटल सरकारी. तिथं घेतलं. तिथल्या पोरगेल्या डॉक्टरला मी दोष देत नाही. तो उभ्या उभ्या पेंगत होता, किती तास ड्यूटीवर होता देव जाणे. (देव मानत नाही, सवयीनं तोंडातून जातं.) ठेकेदाराचा माणूस आमच्याबरोबर आलेला. केसपेपर करणाऱ्यानं विचारलं, कसं लागलं? हा भडवा म्हणाला, "घरी कपाट पडलं अंगावर." माझ्याकडं बघून म्हणाला. मी गप्प बसलो. उद्याची पाळी डोळ्यांपुढं होती.

मग एक कागद आला. इंग्रजीतला, बारीक छापाचा. "नातेवाईक कोण?" कुणीच नव्हता, बायको गावी. मला शिकलेला म्हणून पुढं ढकलला. मी सही केली. झोकात केली, साली, कवितेखाली करतो तशी. सकाळी दादाचा पाय मांडीपासून गेलेला होता.

आता ऐका. दादा शुद्धीवर होता. कण्हत होता, पाणी मागत होता, माझ्या शर्टाला धरून होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण ऐकू तर येत होतं. त्याला कुणी विचारलं नाही, पाय काढतोय, चालेल का, दुसरा इलाज आहे का. त्याचा पाय, आणि सही माझी. पाय वाचला असता का? कदाचित नसताच वाचला. ते मला आजही माहीत नाही. आणि आता कधी कळणारही नाही. का, ते सांगतो.

ही पोरगी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला असताना एकदा मी हे तिला बोललो. तिनं पहिला प्रश्न विचारला, "कागद कुठंयत?" मी म्हटलं, कसले कागद? ती म्हणाली, डॉक्टरांच्या वागणुकीचे २००२ सालचे नियम आहेत. रुग्णानं मागितले तर ७२ तासांत त्याचे कागद द्यावे लागतात, आणि ते तीन वर्षं सांभाळावे लागतात. आम्ही गेलो. तीन वर्षं उलटून दीड महिना झाला होता. खिडकीतला कारकून म्हणाला, जुने कागद नष्ट झाले. दीड महिना! आपण मोर्चा नेतो, घोषणा देतो, कधी काच फोडतो. केसपेपरची झेरॉक्स घेत नाही. हे मी दुसऱ्या कुणाला नाही, मलाच बोलतोय.

तिनंच मग मला सांगितलं की सज्ञान, शुद्धीवर असलेल्या माणसाच्या शरीराबद्दल संमती त्याचीच लागते. नातेवाईकाची सही म्हणजे त्याची संमती नव्हे. २००८ साली सुप्रीम कोर्टानं समीरा कोहलीच्या खटल्यात हे स्पष्ट केलंय. दिल्लीची बाई, तपासणीसाठी भूल दिलेली. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या म्हाताऱ्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकले. कोर्ट म्हणालं, तपासायला दिलेली संमती ही कापायला दिलेली संमती नव्हे. जीव वाचवायला त्या क्षणी करावंच लागलं असतं तर गोष्ट वेगळी. नाहीतर बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं आणि तिला विचारायचं.

तो निकाल मला तिनं मराठीत समजावून सांगितला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं दिल्ली आली नाही. बीड आलं. ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ साली गाजलं, सरकारनं समिती नेमली, ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली. त्यात १३ हजारांवर बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. एक खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. पाळी आली, अंगावर गेलं, पोट दुखलं, तरी फडात कोयता थांबत नाही. मग गावातला डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाक, कॅन्सर होईल. संमती? अंगठे असतील ना कागदावर! पण भुकेनं दिलेली संमती, भीतीनं दिलेली संमती, मुकादमाची उचल अंगावर असताना दिलेली संमती ही संमती कशी? समीरा कोहलीला आई होती, वकील होता, सुप्रीम कोर्टापर्यंत जायचा दम होता. या तेरा हजारांतल्या बायकांसाठी हा प्रश्न कायद्याच्या भाषेत कोण मांडणार? ज्यानं फड बघितला नाही, त्याला हा प्रश्न पडायचा पण नाही.

आता आपल्या शूर कार्यकर्त्यांसाठी. तुम्ही म्हणता हा विषय पांढरपेशांचा. त्याच्या पुस्तकात आहे कोण ते तरी बघा.

८ जुलै १९९२. पश्चिम बंगाल. हकीम शेख नावाचा शेतमजूर मथुरापूर स्टेशनला गाडीतून पडला. डोक्याला मार, मेंदूत रक्तस्राव. प्राथमिक केंद्रात सोय नाही, पुढं न्या. पुढच्या ठिकाणी खाट नाही. त्याच्या पुढं, खाट नाही. कलकत्त्यातली एकामागून एक सरकारी हॉस्पिटलं फिरवली त्याला, फुटलेलं डोकं घेऊन. शेवटी खाजगीत घातला, सतरा हजारांच्या आसपास खर्च आला. शेतमजूर माणूस, सतरा हजार आणायचे कुठनं? पण त्याची संघटना होती. पश्चिम बंग खेत मजदूर समिती. ती थेट सुप्रीम कोर्टात गेली. १९९६ साली निकाल लागला: जगण्याचा हक्क देणारं घटनेचं जे एकविसावं कलम आहे, त्यात तातडीचा औषधोपचार येतो. सरकारी हॉस्पिटलानं तो नाकारला तर हक्काचा भंग झाला, आणि सरकारला पैसे नाहीत म्हणून हात झटकता येणार नाहीत. हकीम शेखला २५ हजार भरपाई.

आज देशातल्या कुठल्याही कॉलेजात आरोग्याचा कायदा शिकवायचा म्हटलं की हा निकाल शिकवावाच लागतो. म्हणजे एलएलएमची गोरीगोमटी पोरं परीक्षेत कुणाचं नाव लिहितात? शेतमजुरांच्या संघटनेचं! खटला आपला, डोकं आपलं फुटलेलं, आणि आपणच म्हणतो हा विषय आपला नाही.

त्याच्याही आधी, १९८९ सालचा परमानंद कटारा यांचा खटला. एका स्कूटरवाल्याला गाडीनं उडवलं, जवळच्या हॉस्पिटलानं घेतला नाही, पोलीस केस म्हणून वीस किलोमीटरवरच्या हॉस्पिटलात पाठवला, वाटेत मेला. ती बातमी वाचून हा माणूस कोर्टात गेला. कोर्टानं ठरवलं, आधी जीव वाचवा, पोलिसांचे कागद नंतर. डॉक्टर सरकारी असो नायतर खाजगी. १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांचा निकाल. कामगाराचं आरोग्य हा त्याचा मूलभूत हक्क, नोकरीत असताना आणि नोकरी संपल्यावरसुद्धा. आणि मालकानं त्याच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा नोकरी संपल्यावर पंधरा वर्षं, जी मुदत उशिरा संपेल तोवर ठेवायची. एवढी वर्षं का? कारण अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात वीसवीस, तीसतीस वर्षं दबा धरून बसते. आम्ही गंधक ओढला, खत ओढलं, सिमेंट ओढलं. आमच्या छातीची नोंद कुठल्या वहीत आहे? गोदी कामगारांच्या सुरक्षेचा आणि आरोग्याचा १९८६ सालचा वेगळा कायदा होता. तो २०२० च्या संहितेत विरघळवून टाकला. किती गोदी कामगारांना तो होता हे माहीत होतं, आणि गेला हे कितींना माहीत आहे? मला नव्हतं. १९९७ चा मुंबई हायकोर्टाचा निकाल, तो तर आपल्यासारख्याच कच्च्या कामगाराचा. रक्तात एचआयव्ही निघाला म्हणून काम बंद केलेला. कोर्टानं त्याचं नाव झाकून ठेवलं आणि अंगात काम करायची ताकद असताना त्याला काढता येणार नाही असं सांगितलं. बिननावाचा आपला भाऊ पुस्तकात जाऊन बसलाय.

पण मी इथं कायद्याची आरती ओवाळायला आलेलो नाही. या विषयात भोकं आहेत, आणि भोकं आपल्याच बाजूला आहेत.

एक ऐका. १९९५ साली सुप्रीम कोर्टानं शांता खटल्यात सांगितलं की डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्यात येते. छान. २०१९ चा नवा ग्राहक कायदा आला तरी ते टिकलं. पण त्याच निकालात पुढं असं आहे की ज्या हॉस्पिटलात सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात तिथला रुग्ण ग्राहक नाही. केसपेपरचे किरकोळ पैसे भरले म्हणूनही तो ग्राहक होत नाही. म्हणजे पैसे मोजणाऱ्याचा पाय चुकला तर ग्राहक मंच, आणि दादाचा पाय चुकला तर दिवाणी कोर्टात जा, वर्षानुवर्षं चपला झिजव. ज्याच्याकडं पैसा नाही तो कायद्यात गिऱ्हाईक पण नाही! पाणवठ्यावरनं हाकललं, देवळाबाहेर ठेवलं, आता ग्राहक मंचाच्या दाराबाहेर. पण यातही एक फट आहे. जे हॉस्पिटल काहींकडून पैसे घेतं आणि गरिबांना फुकट बघतं, तिथला फुकट रुग्णसुद्धा ग्राहकच धरला जातो. ही फट मला दाखवली ती त्या पोरीनं. अशा फटीत पहार घालायला शिकणं म्हंजेच हा अभ्यास.

दुसरं. डॉक्टर चुकला हे ठरवायचं कशानं? विलायतेत १९५७ साली बोलॅम नावाच्या रुग्णाचा खटला झाला. त्यातनं नियम निघाला: डॉक्टरनं जे केलं ते त्याच धंद्यातल्या जाणत्या डॉक्टरांच्या एखाद्या गटाला योग्य वाटत असेल, तर तो निष्काळजी नाही. आपल्या सुप्रीम कोर्टानं २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात तोच उचलला. आता या नियमाला काही अर्थच नाही असं नाही. रोगी दगावला की उठून डॉक्टरला बडवायचं, हे बरोबर नाही. असं झालं तर अवघड रोग्याला कुणी हात लावणार नाही. पण मला बोलॅम ऐकल्यावर गावकी आठवली. पाटलाच्या पोरानं मारलं, तर पाटलाच्या भावकीला विचारायचं की मारणं योग्य होतं का! विलायतेत पुढं हे हललं. २०१५ साली माँटगोमरी नावाच्या बाईच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की रुग्णाला धोका सांगायचा की नाही हे डॉक्टरांच्या भावकीवर सोडायचं नाही. त्या रुग्णाच्या जागी असलेल्या माणसाला काय महत्त्वाचं वाटेल ते बघायचं. बाईला मधुमेह होता, अंगानं लहान, बाळंतपणातला धोका तिला सांगितलाच नव्हता, पोर कायमचं अधू झालं. हे असं वाचून, ताडून, आपल्या कोर्टात मांडणारी माणसं पाहिजेत. त्याला मॅट्रिक पुरत नाही. एलएलबीसुद्धा पुरत नाही, असं ती म्हणते.

आणि ते काचेचं धर्मादाय हॉस्पिटल! आपल्या राज्याच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात १९८५ साली एक कलम घातलं, ४१ अअ. हायकोर्टानं २००६ साली त्याची योजना मंजूर केली. धर्मादाय हॉस्पिटलानं दहा टक्के खाटा निर्धन रुग्णाला फुकट द्यायच्या, आणखी दहा टक्के दुर्बलांना निम्म्या दरात, आणि तातडीच्या वेळी डिपॉझिट न मागता दाखल करून घ्यायचं. त्या रात्री आम्ही कायदा खिशात असल्यासारखे उभे होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता. साडेनऊशे रुपये मोजत बसलो.

तिनं मला एका ठिकाणच्या अभ्यासक्रमाचा कागद दाखवला. निष्काळजीपणा, संमती, १९७१ चा गर्भपाताचा कायदा, १९९४ चा अवयवरोपणाचा, २०१७ चा मानसिक आरोग्याचा, औषधांची पेटंटं. सगळं लागतंय. पण गटारात उतरून मरणारा माझा भाऊ मला त्या कागदावर दिसला नाही. तो मेलेला असतो विषारी वायूनं, म्हणजे मरण आरोग्याचंच की! २०१३ चा मैला वाहून नेण्याच्या बंदीचा कायदा आहे, २०१४ साली सुप्रीम कोर्टानं गटारातल्या मरणाला दहा लाख भरपाई सांगितली, २०२३ साली तीस लाख केली. हे कुठल्या पेपरात बसवायचं? मी विचारलं. ती म्हणाली, "दादा, त्यावरच प्रबंध लिहीन." तेव्हाच मी ठरवलं की आज इथं बोलायचं.

कुणी म्हणेल, कायद्याशी आरोग्याचा संबंध लावायचं हे नवं खूळ. नवं कुठलं? १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं तेव्हा गिरणीतल्या बाईची बाजू घेऊन कोण बोलायला उठलं? बाबासाहेब. १९२९ साली तो कायदा झाला. बाई बाळंत झाल्यावर किती दिवस साच्यावर उभी राहणार नाही, हा आरोग्याचा प्रश्न त्यांनी कायद्याच्या सभेत मांडला. आणि ते बोलू शकले ते कोलंबिया, लंडन, ग्रेज इन करून आले होते म्हणून. नुसत्या तळमळीनं कौन्सिलात कुणी ऐकलं नसतं.

वाटा आहेत. दोन वर्षांचं एलएलएम आहे, एक वर्षाचं आहे. बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलचा वैद्यकीय कायदा आणि नीतीचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, तो घरी राहून करता येतो. शिष्यवृत्त्या आहेत, परदेशीसुद्धा. राजर्षी शाहूंच्या नावाची राज्य सरकारची आहे. त्या मिळेपर्यंत टाचा घासाव्या लागतात, दाखले काढताना चपला फाटतात, हे तुम्हाला माहीत आहे. ते मी लपवत नाही.

आता दादाचं काय ते सांगतो. भरपाईच्या दाव्याची दोन वर्षांची मुदत गेली. पण सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकतो. त्या पोरीनं एका वकिलाकडं बसून अर्ज लिहिलाय. भरपाईच्या कायद्यात पायाचा दर छापलेला असतो, कुठून कापला तर किती टक्के, मासळीच्या तुकड्यासारखा. टक्के काढता येतील. अडलंय दुसरीकडं. केसपेपरवर कपाट पडलंय. कॉइल पडलं हे सांगायला साक्षीदार पाहिजे. चौघांपैकी एक गावी गेला तो आलाच नाही, दोघं म्हणतात आम्हाला आठवत नाही. त्यांना मी शिव्या घालत नाही, त्यांना पोरं आहेत. राहिलो मी. मी साक्ष दिली की ठेकेदार माझी पाळी बंद करणार. त्यात वकील उलट विचारणार, तेव्हा गप्प का बसलास? सही कुणाची आहे? सांगायचं, माझी आहे. आज इथं तुम्हा सगळ्यांसमोर बोललोय म्हणजे मला आता मागं फिरता यायचं नाही. मुद्दामच बोललोय.

पोरीचे वडील मागं खांबापाशी बसलेत. काका, उठू नका. तुमचं म्हणणं चुकीचं नाही, घरात एक पगार यायला पाहिजे. अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. उत्पन्नाच्या दाखल्याच्या कागदावर तुमची सही लागणार आहे. लगेच करू नका. आधी तिच्याकडनं तो कागद पूर्ण वाचून घ्या, समजला नाही तर परत वाचायला लावा.